मुळंही श्वास घेतात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विचारलं, "काका, एक दिवस तुम्हीही बोला. बँकेवर बोलता का?" मी म्हटलं, सगळी नोकरी ठेवी आणि कर्जं यांतच गेली, आता तो विषय पुरे. साताऱ्याला मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. नंतर बँकेत शेतीकर्जाचं काम आलं आणि सातारा-सांगलीच्या शिवारांत पुष्कळ हिंडणं झालं. त्यामुळे झाडांचा अभ्यास पुस्तकातून सुटला तरी बांधावरून चालू राहिला. म्हणून आजचा विषय मी 'मुळं' असा घेतला.

दुसरंही एक कारण आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत दोन विषय आहेत. एक, संपूर्ण आवारात पेव्हर ब्लॉक बसवणं. दोन, मागच्या भिंतीजवळचा कडुनिंब काढणं. दोन्ही विषय मुळांशी येऊन थांबतात. मतदान करण्याआधी मुळांविषयी थोडी माहिती सर्वांना असावी, एवढाच हेतू.

आपल्याकडे म्हण आहे की नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावून साताऱ्यातून आपल्या सांगलीला येते. तिचं मूळ विचारू नका हवं तर. पण झाडाचं मूळ मात्र विचारायलाच पाहिजे. झाडाचा निम्मा कारभार तिथं चालतो आणि आपल्याला तो दिसत नाही.

मूळ कशाला म्हणायचं?

नवरात्रात घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो. नऊ दिवसांत पिवळसर हिरवे कोंब वर येतात, त्यांचं सगळ्यांना कौतुक. यंदा दसऱ्याला घट उठवताना मुलांना एक काम सांगा. मातीचा तो थर अलगद उचलून उलटा करून बघायचा. खाली पांढऱ्या दोऱ्यांची दाट जाळी दिसेल, जणू लोकर विणून ठेवली आहे. माती त्या जाळीनं धरून ठेवलेली असते. गहू, ज्वारी, ऊस, गवत यांची मुळं अशी असतात. त्यांना तंतुमुळं म्हणतात. उलट हरभरा भिजत घालून मोड आणला तर एकच जाड मूळ सरळ खाली जातं आणि त्याला बाजूनं फाटे फुटतात. ते सोटमूळ. आणखी एक बघा. बियातून आधी मूळ बाहेर येतं, कोंब नंतर. आधी पाय रोवायचे, मग मान वर काढायची, असा निसर्गाचा क्रम आहे.

आता बाळगोपाळांसाठी एक कोडं. बटाटा, आलं, हळद, कांदा, गाजर, मुळा, रताळं आणि शेंगदाणा. यांतली मुळं कोणती? मोठ्यांनीही मनात उत्तर द्या.

हळद हे मूळ नाही. ज्या हळदीनं सांगलीचं नाव देशभर नेलं, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हळद म्हणजे जमिनीखालचं खोड. साताऱ्या-कोरेगावकडचं आलंही तसंच. ओल्या हळकुंडावर किंवा आल्यावर उसासारखी पेरं दिसतात आणि पेरांवर डोळे असतात. पेरं असणं ही खोडाची खूण आहे. बटाटा हेही फुगलेलं खोडच. कांदा म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या पानांचे जाड बुडखे. शेंगदाण्याची गंमत तर शेतकरी जाणतो. भुईमुगाला फूल वर येतं, मग त्याच्या आऱ्या सुटतात, त्या वाकून मातीत शिरतात आणि शेंग खाली धरते. म्हणजे ते फळ झालं.

उरले गाजर, मुळा आणि रताळं. ही खरी मुळं. झाडानं पुढच्या हंगामासाठी साठवून ठेवलेली शिल्लक आपण काढून खातो. साबुदाणासुद्धा टॅपिओकाच्या मुळापासून करतात. म्हणजे आषाढी एकादशीला खिचडी आणि रताळ्याचा कीस खाल्ला की उपवास बराचसा मुळांवरच झाला म्हणायचा.

टोकाशी काय चालतं?

मूळ सगळीकडून वाढत नाही. ते फक्त टोकाजवळ वाढतं. अगदी पुढे पेशींची एक टोपी असते. दगडमातीतून जाताना ती झिजते, सुटलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात आणि तिच्यातून बुळबुळीत द्रव सुटत असल्यानं वाट सोपी होते. टोपीच्या मागे पेशी तयार होण्याची जागा, त्यामागे पेशी लांब होण्याची जागा, आणि त्याच्या मागे बारीक केसांसारखे मूलरोम. पाणी आणि क्षार घेण्याचं बरंचसं काम हे मूलरोम करतात. जाड, तपकिरी, सालीची झालेली मुळं झाडाला धरून ठेवतात आणि वाहतूक करतात. तासगावचा द्राक्षबागायतदार बागेत खड्डा घेऊन "पांढरी मुळी चालू आहे का?" बघतो, ते याचसाठी. पांढरी मुळी म्हणजे कामावर असलेलं मूळ.

हे मूलरोम किती असावेत? १९३७ साली डिटमर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं राय या गव्हासारख्या धान्याचं एकच रोप एका पेटीत चार महिने वाढवलं. पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फुटांहून थोडी कमी खोल. नंतर त्यानं मुळं धुऊन मोजली. सगळ्या मुळांची मिळून लांबी भरली सुमारे ६२० किलोमीटर. म्हणजे सांगलीहून मुंबईला जाऊन परत जवळजवळ साताऱ्यापर्यंत. आणि मूलरोमांची एकूण लांबी दहा हजार किलोमीटरच्या वर. एका पेटीत, एका रोपाची!

मूळ खालीच का जातं, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. १८०६ साली नाईट नावाच्या इंग्रज गृहस्थानं पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला रुजणाऱ्या बिया बांधल्या. चाक जोरात फिरत राहिलं तेव्हा मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली आणि कोंब आतल्या बाजूला. म्हणजे मुळाला ओढ कळते हे सिद्ध झालं. टोपीतल्या पेशींत पिठुळ पदार्थाचे जड कण असतात, ते तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची बाजू समजते. चार्ल्स डार्विननं मुलगा फ्रान्सिसबरोबर १८८०मध्ये झाडांच्या हालचालींवर पुस्तक लिहिलं, त्यातही मुळाच्या टोकाचे पुष्कळ प्रयोग आहेत. घरी करायचा असेल तर काचेचा ग्लास घ्या, आत ओला टीपकागद लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये चार हरभरे अडकवा. मोड आले की ग्लास आडवा करा. दुसऱ्या दिवशी मुळानं वळण घेतलेलं दिसेल.

मुळात शिरलेलं पाणी थेट वर जात नाही. आत पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींमधल्या फटी मेणासारख्या पदार्थानं बुजवलेल्या असतात. त्यामुळे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांना पेशींच्या आतूनच जावं लागतं. आमच्याकडे काउंटरवर सही तपासल्याशिवाय पैसे पुढे जात नसत, तसाच हा प्रकार. तिथून पुढे जलवाहिन्यांतून पाणी पानांपर्यंत चढतं. पानांतून वाफ होऊन ते उडतं आणि खालचं पाणी ओढलं जातं. रात्री ही ओढ थांबली तरी मुळं आतून थोडं पाणी वर लोटत राहतात. सकाळी परसात अळूच्या पानाच्या टोकाला टपोरा थेंब लोंबतो, त्याला आपण दव म्हणतो. पुष्कळदा तो थेंब मुळांनी रात्रभर वर पाठवलेल्या पाण्याचा असतो.

मुळांचे भागीदार

मुळं एकटी कारभार करत नाहीत. सोयाबीन, हरभरा, भुईमूग उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि झाड त्यांना साखर देतं. गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसली तर समजायचं की काम चालू आहे. आपले शेतकरी ऊस किंवा ज्वारीनंतर कडधान्य घेतात, त्यामागे हाच हिशेब आहे. हे जिवाणू बेयरिंक या डच शास्त्रज्ञानं १८८८ साली वेगळे करून दाखवले.

दुसरी भागीदारी बुरशीची. जमिनीवरच्या बहुतेक झाडांच्या मुळांशी एक उपयोगी बुरशी जोडलेली असते. तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे जिथं मूळ शिरत नाही तिथून त्या फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. सरळ देवाणघेवाण आहे, उधारी नाही.

आणि मुळांशिवाय चालवणारीही झाडं आहेत, तीही आपल्या साताऱ्यात. कासचं पठार आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं वर जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. अशा मातीत अन्न कमी. तिथं सप्टेंबरात जांभळट निळ्या फुलांचा गालिचा दिसतो, त्यांतली 'सीतेची आसवं' ही वनस्पती बघा. तिला खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत तिचे धाग्यासारखे भाग पसरतात, त्यांवर बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. म्हणजे जमिनीतून मिळेना म्हणून तिनं वेगळा धंदा काढला. आपल्या आवारातल्या झाडांना मात्र ही सोय नाही. त्यांना मुळांवरच जगायचं आहे.

मूळ गुदमरतं तेव्हा

आता मी मुद्द्यावर येतो. पाणी आणि खत मुळांना लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. मुळांना हवा लागते, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पानं साखर बनवतात, ती खाली येते, आणि मुळं ती साखर वापरून काम करतात. त्यासाठी त्यांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. चांगल्या जमिनीत जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो आणि त्या बारीक पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा असते. मुळं ती हवा घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोकळ्या पाण्यानं भरून गेल्या किंवा दाबून बंद झाल्या की मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ, भोवती पाणी असलं तरी, ते नीट उचलू शकत नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत असताना. एका खातेदाराचं पीककर्ज थकलं होतं. माणूस व्यवहाराला चोख, आधी कधी हप्ता चुकला नव्हता. म्हणून मी वसुलीच्या नोटिशीआधी रान बघायला गेलो. कृष्णाकाठची काळी जमीन, पाण्याची कमतरता नाही, आणि ऊस मात्र खुरटलेला, पिवळा. वाफ्यात मधेमधे पांढरी पापडी. ते मला म्हणाले, "साहेब, पाणी हाय, खत हाय, मग ऊस का धरंना?" दरवर्षी उत्पन्न घटत गेलं तसं त्यांनी पाणी आणि खत वाढवत नेलं होतं.

माझ्याबरोबर कृषी खात्याचे एक अधिकारी होते. त्यांनी गड्याला खड्डा घ्यायला सांगितला. हातभर खाली गेलो तोच खड्ड्यात पाणी झिरपायला लागलं. उसाची मुळं वीतभर खाली जाऊन थांबली होती, आणि टोकं काळी पडली होती. हातात घेतली तर सडक्या अंड्यासारखा वास. हवा नसलेल्या मातीत गंधकाची जी घाण होते तिचा तो वास. अधिकारी म्हणाले, "ह्याला भूक लागलेली नाही, ह्याचा जीव गुदमरतोय."

आपल्या कृष्णा-वारणा काठी हे दुखणं नवं नाही. वर्षानुवर्षं पाटपाणी देत गेलं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली की जमिनीखालची पाणीपातळी वर येते. खालचे क्षार त्या पाण्याबरोबर वर येतात, पाणी उन्हानं उडतं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. अशी जमीन क्षारपड होते. सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटून चिकट होतात, पोकळ्या बुजतात, आणि जमीन चोपण होते. क्षारांमुळे मुळाला पाणी ओढणं अवघड आणि पोकळ्या बुजल्यामुळे श्वास घेणं अवघड. दोन्हीकडून कोंडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे महापूर आला, तेव्हा कित्येक दिवस पाण्याखाली राहिलेली पिकं कुजून गेली, ते आपण पाहिलं आहे. क्षारपड रानात हेच हळूहळू, वर्षानुवर्षं घडत असतं.

उपाय होता, पण त्या एकट्या शेतकऱ्याच्या हातात नव्हता. जमिनीखाली ठरावीक खोलीवर छिद्रं असलेले पाइप टाकायचे, त्यांतून जादा पाणी ओढ्यात काढून द्यायचं. पण पाइप ओढ्यापर्यंत न्यायचा तर तो शेजाऱ्यांच्या रानातून जाणार. शेजारी हो म्हणाले तरच काम. चार घरं एकत्र बसायला दोन उन्हाळे गेले. कुणी म्हणे माझं रान चांगलं आहे, मी कशाला खर्च करू? शेवटी त्याच्याही वाफ्यात पांढरी पापडी दिसली तेव्हा तो तयार झाला. पाइप पडले, जिप्सम टाकलं, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला. एका पावसाळ्यात क्षार धुऊन निघत नाहीत, वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा खड्डा घ्यायला लावला. मुळं गुडघ्याइतकी खोल गेली होती आणि पांढरी होती. मला तरी ऊस बघण्याआधीच कर्ज फिटणार हे तिथं कळलं. आणि फिटलं.

तासगावच्या द्राक्षबागांनी वेगळी वाट काढली. थॉमसनसारख्या जातीचं स्वतःचं मूळ क्षार आणि पाण्याचा ताण फारसं सोसत नाही. म्हणून 'डॉगरिज' या मूळच्या अमेरिकन जंगली द्राक्षाचा खुंट लावायचा आणि त्यावर थॉमसनचं कलम करायचं. एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या एका किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हाही अमेरिकन द्राक्षाच्या मुळांवर कलमं करूनच ते वाचवले गेले. पेटीत जाणारे घड थॉमसनचे, पण बाग टिकणार की नाही हे खालचं मूळ ठरवतं.

वड आणि समई

झाडांच्या मुळांविषयी आपला एक गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, झाड जितकं वर उंच तितकंच खाली खोल. काही झाडांची काही मुळं खूप खोल जातात हे खरं. पण बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, कारण हवा तिथं असते. ती पसरतात मात्र आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. झाडाचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं असेल तर समई आठवा. वर उंच दांडा आणि खाली रुंद, पसरट बैठक. बैठकीचा एक भाग कापला तर समई डुलणारच. केबलसाठी किंवा पाइपसाठी खोडाला लागून चर खणतात, एका बाजूची मुळं तुटतात, झाड वर्षभर हिरवंगार दिसतं, आणि पुढच्या वळवाच्या पावसात आडवं होतं. मग आपण वाऱ्याला दोष देतो.

वडानं या बैठकीचाच विस्तार केला. पारंब्या म्हणजे फांदीला फुटलेली मुळं. हवेत असेपर्यंत दोरीसारख्या बारीक, जमिनीला टेकल्या की जाड होऊन खांब होतात. आपल्या सातारा जिल्ह्यात वैराटगडाच्या बाजूला म्हसवे गावचा वड प्रसिद्ध आहे. १८८२ साली त्याचं मोजमाप झालं तेव्हा घेर भरला १५८७ फूट. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. त्याच्या मुख्य खोडाला बुरशी लागली म्हणून १९२५ साली ते खोडच काढून टाकावं लागलं. झाड आजही जिवंत आहे, हजारो पारंब्यांवर उभं आहे. वटपौर्णिमेला वहिनी मंडळी ज्याला दोरा गुंडाळतात, त्याच्या दीर्घायुष्याचं कारण पारंब्यांत आहे.

आपल्या आवाराविषयी

आता घरचा विषय. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा आवारात एक झाड नव्हतं. आज कडुनिंब, बकुळ, करंज, जांभूळ, आंबा अशी झाडं आहेत. पहिल्या वर्षी लावलेली रोपं आज तिसऱ्या मजल्याला टेकली आहेत.

पेव्हर ब्लॉकची मागणी चुकीची नाही, हे मी स्पष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात ए विंगमधले आमचे एक मित्र चिखलात घसरले आणि मनगट मोडून बसले. आमच्या वयाच्या माणसाला गेटपासून लिफ्टपर्यंत कोरडी, सपाट वाट हवीच. प्रश्न फक्त एवढा आहे की ब्लॉक खोडाला भिडवून बसवायचे का? ब्लॉकखाली माती धुम्मस करून दाबतात, त्यावर कच, काही ठिकाणी खाली काँक्रीट. म्हणजे वाळव्याच्या त्या रानात पाण्यानं जे केलं तेच इथं आपण दाबून आणि झाकून करणार. झाड लगेच मरणार नाही. पाचसहा वर्षांत शेंडा वाळेल, मग एक फांदी पडेल, आणि मग आपण सभेत म्हणू, झाड धोकादायक झालंय, काढा.

म्हणून माझी सूचना अशी. वाटेवर आणि पार्किंगच्या पट्ट्यात ब्लॉक घाला. झाडाभोवती मात्र माती मोकळी ठेवा. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितली. आपल्याकडे जागा आहे, आपण दीड-दोन मीटर ठेवू. तिथं पालापाचोळा पडू द्या, राडारोडा टाकू नका, खोडाभोवती मातीचा ढीगही करू नका.

दुसरा विषय कडुनिंबाचा. त्याच्यावर दोन आरोप आहेत. पहिला, भिंतीला भेग पाडली. मी जुन्या सवयीनं गेली दोन वर्षं त्या भेगेजवळ पेन्सिलनं खुणा करून तारखा लिहितो आहे. कुणीही जाऊन बघावं. मे महिन्यात भेगेत एक रुपयाचं नाणं उभं जातं, गणपतीच्या सुमारास जात नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, तिचं हे काम आहे. कडुनिंब उन्हाळ्यात पाणी ओढतो, त्यामुळे आकसणं थोडं वाढत असेल, हे मी नाकारत नाही. पण झाड काढलं तरी माती काळीच राहणार. भिंतीचा तेवढा भाग खोल पाया घेऊन पुन्हा बांधणं हा उपाय आहे.

दुसरा आरोप, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मुळं शिरली. शिरली हे खरं. प्लंबरनं जोड उघडला तेव्हा केसांच्या गंगावनासारखा झुपका निघाला. पण मूळ धड पाइप फोडून आत जात नाही. जोड आधी गळत होता, बाहेर ओल झाली, ओलीच्या मागोमाग मूळ आलं आणि फटीतून आत जाऊन फोफावलं. तो मातीचा जुना पाइप बदलून चांगल्या जोडाचा पीव्हीसी पाइप टाकला की मुळाला तिथं यायचं कारण उरत नाही. शिवाय झाड काढायचं ठरलं तरी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागेल, आणि परवानगी मागताना आपल्याला कारण द्यावं लागेल. पाइप गळतो हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.

एका झाडाला मात्र माझा पाठिंबा नाही, तो म्हणजे बी विंगच्या गच्चीखाली पाइपाजवळ उगवलेला पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, भेगेत रुजतं, आणि पिंपळाचं मूळ बांधकामात शिरलं की वरून कितीदाही कापा, ते पुन्हा फुटतं. पिंपळ पूज्य आहे, म्हणून तो लहान असतानाच मुळासकट काढून मोकळ्या जागेत, नदीकाठी लावू. भेग बुजवून टाकू. हे काम या पावसाळ्याच्या आत व्हावं. मुलांनी आपापल्या मजल्यावर असे कोंब शोधून सेक्रेटरींना सांगावं.

वाळव्याच्या त्या चार शेतकऱ्यांचं मला आजही कौतुक वाटतं. एकाचं दुखणं जमिनीखालून दुसऱ्याच्या रानात जातं हे त्यांना उशिरा का होईना पटलं, आणि खर्च सगळ्यांनी वाटून घेतला. आपण तर नावानंच सहकारी गृहनिर्माण संस्था आहोत. खाली पार्किंगमध्ये राहणाऱ्या गाडीची काळजी एकाची असते, पण आवारातल्या झाडाची सावली सगळ्या विंगांवर पडते. सभेत जे ठरेल ते मला मान्य आहे. मतदानाच्या आधी एकदा सगळ्यांनी मागच्या भिंतीपाशी जाऊन त्या पेन्सिलच्या खुणा बघाव्यात, एवढी विनंती करतो आणि थांबतो.